सांबराची शिंगं बारीक का? मातीचं किती, रानाचं किती आणि वंशाचं किती

तुमचा प्रश्न मी असा समजलो. ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्यात तुम्ही टिपलेल्या सांबर नरांची शिंगं आखूड दिसली. जानेवारीत चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात दिसलेल्या एका नराची शिंगं लांब आणि भरदार होती. आजोळच्या वाड्यात भिंतीवर जी जुनी जोडी आहे, ती तर या सगळ्यांपेक्षा मोठी. त्यावरून तुम्ही विचारताय की सागरेश्वरची मातीच निकस आहे, की तिथल्या कळपाचा वंशच बारीक शिंगांचा? आणि खनिजांच्या चाटण विटा ठेवून किंवा बाहेरून एखादा दमदार नर आणून हे सुधारता येईल का?

मी गुरांचा डॉक्टर आहे. शिराळा आणि कऱ्हाडच्या पश्चिमेकडच्या गावांत बरीच वर्षं प्रॅक्टिस केली. वनखात्याचं बोलावणं आलं की जखमी हरणं बघायला, मेलेल्यांचं शवविच्छेदन करायला जात आलो. त्यामुळे माझा विचार गोठ्यापासून सुरू होतो आणि मग रानाकडे जातो. शिंगाचा आकार ठरतो तो वयावर, खाण्यावर आणि वंशावर, यात वाद नाही. पण रानातल्या जनावराच्या बाबतीत वंशाकडे सगळ्यात शेवटी बघायचं असतं. वय आणि खाणं हिशेबातून बाजूला काढल्याशिवाय वंशाचा वाटा दिसतच नाही. तुम्ही मात्र सुरुवातच तिथून केली आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण सागरेश्वरला सांबर, चितळ आणि काळवीट तिन्ही बघायला मिळतात. काळवीट आणि गवा यांची शिंगं जन्मभराची. आत हाडाचा गाभा आणि वर खोळ. ती गळत नाहीत. सांबर, चितळ आणि भेकर यांची शिंगं म्हणजे निव्वळ हाड. ते गळून पडतं आणि पुन्हा नव्याने उगवतं. खाली जे लिहितोय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दलच आहे, काळविटाला ते लावू नका.

आता तुमचे फोटो. ऑगस्टमधला सांबर नर बहुधा मखमलीत असतो, म्हणजे शिंग अजून वाढत असतं आणि त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली केसाळ कातडी असते. आपल्याकडे बहुतेक सांबर नरांची जुनी शिंगं उन्हाळ्यात गळतात, पावसाळ्यात नवी वाढतात, आणि पावसाळा सरल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढलं की हाड घट्ट होऊन मखमल सुटते. नर झाडांच्या बुंध्यांवर शिंगं घासून ती सोलून काढतो. जानेवारीतला नर पूर्ण तयार असतो. पावसाळ्यात चांदोली पर्यटकांना बंद असते, त्यामुळे तिथले फोटो हिवाळ्या-उन्हाळ्यातलेच मिळणार. सागरेश्वरचा ऑगस्ट आणि चांदोलीचा जानेवारी यांची तुलनाच होऊ शकत नाही. चितळाचं आणखी वेगळं आहे. एकाच कळपात एक नर मखमलीत, दुसरा कडक शिंगांचा आणि तिसऱ्याची नुकतीच गळलेली, असं वर्षभर केव्हाही दिसू शकतं.

दुसरं म्हणजे वय. नराचं पहिलं शिंग हा नुसता सुळका असतो. पुढच्या वर्षांत फाटे येतात आणि पूर्ण वाढलेल्या सांबराच्या प्रत्येक शिंगाला तीन टोकं होतात. पण तीन टोकं आली म्हणजे वाढ संपली, असं नाही. त्यानंतरही दरवर्षी लांबी आणि त्याहून जास्त जाडी वाढत जाते, ऐन उमेदीत कळस होतो आणि म्हातारपणी पुन्हा उतार लागतो. म्हणून फाटे मोजण्यापेक्षा बुंध्याची जाडी बघा. कपाळावरचा जो हाडाचा खुंट असतो, ज्यावर शिंग उगवतं, तो तरुण नरात उंच आणि बारीक असतो. वय वाढत जातं तसा तो आखूड आणि रुंद होतो. म्हाताऱ्या नराचं शिंग जवळजवळ कवटीलाच चिकटल्यासारखं दिसतं. मान भरलेली आहे का, पोट सुटलंय का, पाठ थोडी खचली आहे का, हेही बघा. तुमच्या सागरेश्वरच्या पहिल्या दोन फोटोंतले नर मला तरुण वाटतात. चांदोलीचा नर मात्र पूर्ण वाढलेला आहे. म्हणजे महिना वेगळा आणि वयही वेगळं.

भिंतीवरची जोडी तर या तुलनेत धरूच नये. जुन्या काळी शिकाऱ्याने मारलेलं प्रत्येक शिंग वाड्यात लागलं नाही. जे सगळ्यात मोठं, तेच टांगलं गेलं. आज तुम्हाला समोर दिसेल त्या नराची गाठ तेव्हाच्या निवडक नराशी घालणं म्हणजे आजच्या बारक्यावर अन्यायच आहे.

समजा, एकाच महिन्यातले, सारख्या वयाचे नर दोन्हीकडे पाहिले आणि तरीही फरक उरला. मग खरा प्रश्न सुरू होतो, आणि तो समजायला शिंग कशाचं बनतं हे बघावं लागतं. तयार वाळल्या शिंगात निम्म्याहून थोडा जास्त भाग खनिजांचा असतो, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस, साधारण दोनास एक या प्रमाणात. उरलेला भाग बहुतेक प्रथिनांचा. आधी प्रथिनांचा सांगाडा उभा राहतो आणि नंतर त्यात खनिजं भरली जातात. सस्तन प्राण्यांत इतक्या वेगाने वाढणारं दुसरं हाड नाही. काही महिन्यांत एवढी खनिजं नुसत्या चाऱ्यातून मिळत नाहीत, म्हणून नर ती स्वतःच्या सांगाड्यातून, विशेषतः बरगड्यांतून काढतो आणि नंतर भरून काढतो. भरपूर दूध देणारी म्हैस पहिल्या महिन्यांत हाडांतलं कॅल्शियम दुधात ओतते, तसंच हे. मखमलीतल्या नराचं शवविच्छेदन करताना बरगडी कटरखाली नेहमीपेक्षा सहज तुटते. जानेवारीतल्या नराच्या बरगडीला जोर लावावा लागतो.

यातून एक निष्कर्ष निघतो. शिंग हे शरीराचं आधी भागवून उरलेल्यातून होतं. जगण्यापुरतं, वाढीपुरतं, रोगाशी झुंजण्यापुरतं झालं की मग शिंग. म्हणून खाण्यात थोडी कमतरता आली की शरीर अजून ठीक दिसत असतं, पण शिंग आधी बारीक होतं.

आता माती. लोक म्हणतात काळी माती चांगली आणि जांभा निकस. अर्धं खरं आहे. कोयना-चांदोलीच्या माथ्यावर काही ठिकाणी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढं पाणी मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतं, माती आम्लधर्मी होते, आणि जांभ्यातलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम फॉस्फरसला धरून ठेवतं, झाडाला देत नाही. त्या पट्ट्यातल्या गावांत गुरं जुनी हाडं, चपला, कातड्याचे तुकडे चघळताना मी कायम बघितली आहेत. फॉस्फरस कमी पडल्याची ती खूण. व्यालेल्या म्हशीला दोन-चार आठवड्यांत लाल लघवी सुरू होते, तिच्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं. रानात हरणंही गळलेली शिंगं कुरतडतात, आणि साळिंदर तर ती दिवसेंदिवस घासत बसतं. म्हणून रानात पडलेलं शिंग तिथेच राहू द्यावं. ती खनिजं त्याच रानाची आहेत. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गळलेलं शिंगही सरकारी मालमत्ता आहे, ते उचलून घरी आणणं हा गुन्हा ठरतो.

पूर्वेकडे कृष्णाकाठच्या काळ्या मातीत कॅल्शियमची कमी नाही, चुनखडीचे खडे हाताला लागतात. पण तिथे चुनाच फॉस्फरसला बांधून ठेवतो. आणि सागरेश्वरचे डोंगर काही काळ्या मातीचे नाहीत. वर पातळ मुरमाड थर आहे, खाली खडक. काळी माती आहे ती पायथ्याच्या शेतांत, कुंपणाच्या बाहेर. म्हणजे नुसत्या मातीच्या अहवालावरून सांबराचं शिंग ओळखता येत नाही. दोन्हीकडे फॉस्फरसची ओढ आहे, फक्त कारणं वेगळी.

मग मातीचा खरा परिणाम कुठे होतो? माझ्या मते ती पाणी किती दिवस धरते, इथे. गवत कोवळं असतं तेव्हा त्यात प्रथिनंही असतात आणि फॉस्फरसही. ते पिकून वाळलं की दोन्ही झपाट्याने उतरतात. मुरमावरची कुसळी दिवाळीनंतर वाळायला लागते. डिसेंबरात ती पोट भरते, अंगी लागत नाही. घाटमाथ्यावर ओढ्याकाठी, दाट सावलीत फेब्रुवारी-मार्चपर्यंत हिरवं काहीतरी मिळतं. शिवाय सांबर नुसतं गवतावर जगत नाही. पाला, कोवळे शेंडे, साली, आणि खाली पडलेला आवळा, बेहडा हे सगळं त्याला लागतं. पश्चिमेकडे माती धुपलेली, पण हिरव्याचा काळ लांब. पूर्वेकडे पायथ्याची माती सकस, पण डोंगरावर हिरव्याचा काळ आखूड. चांदोलीच्या नराची शिंगं भरली असतील तर बहुधा या लांब हंगामामुळे, जांभ्यामुळे नाही.

आता रान. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण सागरेश्वरचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

सागरेश्वर हे साधारण ११ चौरस किलोमीटरचं, कुंपण घातलेलं, माणसांनी उभं केलेलं अभयारण्य. उघड्याबोडक्या टेकड्यांवर झाडं लावून, हरणं आणून ते वसवलं गेलं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचं ते मोठं काम, आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. कोयना आणि चांदोली मात्र सलग, मोकळं रान. २०१० पासून दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथे चारा संपला तर सांबर दुसऱ्या खोऱ्यात जातं. कुंपणाच्या आत ते जाणार कुठे? वाघ नाही, स्थलांतर नाही, त्यामुळे कळपाची संख्या चाऱ्यापेक्षा पुढे गेली की फटका सगळ्यांना बसतो. मग माती कितीही चांगली असो, प्रत्येकाच्या वाट्याला येणारं कमीच.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा मार्गावरून चालताना झुडपांकडे बघा. एका ठरावीक उंचीपर्यंत, म्हणजे सांबर मान वर करून पोहोचेल तिथपर्यंत, पाला साफ खाल्लेला आणि वर हिरवागार, अशी सरळ रेष सगळीकडे दिसली तर जनावरं जास्त आणि चारा कमी. घाणेरी वाढते आहे का, तेही बघा. ती सांबर खात नाही आणि जिथे ती पसरते तिथलं गवत जातं. चांदोलीतही सगळं रान चांगलं नाही. दाट सदाहरित रानात पाला सगळा वर असतो, खाली खाण्याजोगं फारसं नसतं. उठलेल्या गावांच्या जुन्या शेतांवरची गवताळ कुरणं तिथे सोन्यासारखी आहेत, आणि रानमोडीच्या तणाने ती गिळली तर सांबर आणि गवा दोघांचंही नुकसान.

आईचा भाग लोक विसरतात. सांबराचा गर्भकाळ आठ ते नऊ महिन्यांचा. हिवाळ्यात माज, म्हणजे गर्भ झपाट्याने वाढतो ते नेमकं एप्रिल-मे-जूनमध्ये, जेव्हा चारा सगळ्यात वाईट असतो. त्या दिवसांत कुत्र्यांनी मारलेल्या किंवा तारेत अडकून मेलेल्या गाभण माद्या माझ्यासमोर आल्या आहेत. मांडीचं हाड फोडून बघतो. धडधाकट जनावरात मगज पांढरट आणि घट्ट असतो. उपासमारीत तो लालसर, पाणचट होतो, कारण शरीराने शेवटची चरबीही वापरलेली असते. असा मगज असलेल्या आईच्या पोटातलं पाडस जगलं, तरी ते आयुष्यभर थोडं मागेच राहणार. आणि त्याची शिंगं चार-पाच वर्षांनी बघून आपण म्हणणार, याचा वंशच बारीक.

यावर अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातला पांढऱ्या शेपटीच्या हरणांवरचा अभ्यास फार बोलका आहे. ब्लॅक हिल्सच्या डोंगराळ, कमी प्रतीच्या रानातली आणि राज्याच्या पूर्वेकडच्या शेतीपट्ट्यातली हरणं संशोधकांनी एकाच चांगल्या खाण्यावर वाढवली. पहिल्या पिढीत ब्लॅक हिल्सचे नर लहानच राहिले. तिथेच थांबले असते तर निष्कर्ष निघाला असता की जातच लहान. पण त्या हरणांची पुढची पिढी, जिच्या आया चांगल्या खाण्यावर होत्या, ती अंगाने आणि शिंगाने पूर्वेकडच्यांच्या बरोबरीला आली. १९ व्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगरांतून न्यूझीलंडला नेलेल्या लाल हरणांचंही तेच. रक्त तेच, पण ताज्या, न चरलेल्या रानात त्यांची शिंगं मूळच्या देशापेक्षा कितीतरी मोठी झाली.

म्हणजे वंशाला काहीच किंमत नाही? आहे. स्कॉटलंडच्या रम बेटावर लाल हरणांचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे. तिथे जवळजवळ ३० वर्षांच्या नोंदींवरून असं दिसलं की शिंगांच्या वजनातल्या फरकाचा साधारण एक तृतीयांश भाग आनुवंशिक आहे. मोठ्या शिंगांच्या नरांना पिल्लंही जास्त झाली. तरीही त्या काळात कळपाची शिंगं वंशाने मोठी झाली नाहीत. ज्या नराला खायला चांगलं मिळालं त्याची शिंगंही मोठी झाली आणि माद्याही त्यालाच मिळाल्या, असा त्याचा अर्थ लावला गेला. पाडसाचा अर्धा वंश आईकडून येतो हे तर वेगळंच, आणि आईला शिंगंच नसतात, मग तिच्या बाजूने काय आलंय हे कशावरून ओळखणार? बंदिस्त पैदाशीत, जिथे बाप कोण हे ठाऊक असतं आणि खाणं सारखं असतं, तिथे निवडीने शिंगं वाढवता येतात. टेक्सासच्या मोकळ्या रानात बारीक शिंगांचे नर वेचून काढायचा मोठा प्रयोग झाला, त्यातून शिंगं सुधारली नाहीत.

सागरेश्वरपुरतं वंशाचं एक वेगळं दुखणं शक्य आहे, ते मान्य करतो. थोड्या जनावरांपासून सुरू झालेला आणि कुंपणात राहिलेला कळप आपसांत वीण करतो. त्याची काळजी करायलाच हवी. पण तिथे आधी बघायचं ते पाडसं किती जगतात आणि रोगाला कळप कसा तोंड देतो. नवं रक्त आणायचं झालं तर ते त्यासाठी, शिंगांसाठी नाही. आणि ते काम वनखात्याचं. सांबर पकडणं आणि हलवणं सोपं नाही. पकडताना घाबरून पळालेलं जनावर स्नायूंच्या बिघाडाने दोन दिवसांनीसुद्धा मरतं.

खनिजांच्या विटांबद्दल माझं मत ठाम आहे: तुम्ही ठेवू नका. साध्या मिठाच्या विटेतून सोडियम मिळतं, कमी पडतोय तो बहुधा फॉस्फरस आणि प्रथिनं. शिवाय एका जागी सगळी जनावरं तोंड लावतात. गावातली गुरं तिथे पोहोचत असतील तर लाळ्या-खुरकुताला वाट मिळते. आणि फासे लावणाऱ्याला नेमकी जागा कळते. कुंपणाबाहेर ठेवलीत तर सांबरं शाळूत आणि हरभऱ्यात उतरायला शिकतील, आणि मग शेतकऱ्याचा राग त्यांच्यावरच निघेल. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर घाणेरी काढायच्या श्रमदानाबद्दल आणि उन्हाळ्यातल्या पाणवठ्यांबद्दल अभयारण्याच्या कार्यालयात विचारा. आणि जानेवारी-फेब्रुवारीत सागरेश्वरचे फोटो काढा, बाजूने, खुंट आणि शिंगाचं मूळ दिसेल असे, तारखेसकट. तशा फोटोंवर दोन-तीन हिवाळ्यांनंतर बोलता येईल.

आणखी एक गोष्ट, ही मात्र आजच करा. तुमच्या तिसऱ्या फोटोतल्या नराचं डावं शिंग उजव्याच्या निम्मं आणि वाकडं आहे. तुम्ही त्याला वंशातला दोष म्हटलंय. मागचा पाय दुखावला की बऱ्याचदा त्याच्या विरुद्ध बाजूचं शिंग बिघडतं. फोटो मोठा करून बघितला तर तो नर मागच्या उजव्या पायावर भार देत नाहीये, आणि खुराच्या वर काळी रेघ दिसते. ती तार किंवा फासा असू शकतो. फोटो, तारीख आणि जागा तिथल्या वनरक्षकाला पाठवा आणि शेवटचा कुठे दिसला तेही सांगा. फासाच असेल तर तो काढायला जनावर बेशुद्ध करावं लागेल, म्हणून स्वतः जवळ जाऊ नका.